ढकलणाऱ्याची दांडी

पोत्यांच्या ढिगातून एक हात बाहेर आलेला होता. डावा हात. मनगटात तांब्याचं कडं होतं, त्यावरून कळलं की हा माझा नवरा. बाकी सगळा तो तांदळाच्या पोत्यांखाली होता. त्याच्या टोळीतले आणखी दोघं त्याच ढिगाखाली होते आणि त्यांचं तर काहीच दिसत नव्हतं.

गाळ्यातली पोत्यांची थप्पी पार छताला टेकलेली होती. खालच्या रांगेतली पोती उंदरांनी फोडली होती. तांदूळ झिरपत गेला, पोती पोकळ झाली आणि वरचं सगळं ओझं एका अंगानं खाली आलं. मी त्याच बाजारात, दोन गाळे सोडून, डाळ चाळत बसले होते. लॉरी उलटावी तसा आवाज झाला. माणसं पळायला लागली तेव्हा मी चाळण खाली ठेवली आणि त्यांच्या मागं गेले.

टोळीची माणसं हूक मारून पोती ओढत होती. मुकादम ओरडत होता, "वरनं काढा! मधलं वढू नका, परत बसंल!" मी त्या हाताजवळ बसले. अंगठ्याशेजारच्या पहिल्या दोन बोटांवर एक पोतं आडवं पडलेलं होतं. ते मला हललं नाही. हाताला हात लावला तर हात गरम होता. मला तेवढंच बघायचं होतं. मग मी उठून बाजूला झाले, कारण मी मध्ये बसल्यामुळे माणसांना अडचण होत होती.

हे वाशीच्या दाणा बाजारात घडलं. बाजार मुंबईतून खाडीच्या अलीकडे आला तेव्हा आम्हीही त्याच्या मागोमाग आलो. आम्ही दोघं साताऱ्याकडचे. नवरा माथाडी, म्हणजे पाठीवरून पोती वाहणारा. मी डाळी-तांदूळ चाळून निवडून देणारी. घर कोपरखैरण्याला, माथाडींच्या वसाहतीत. एक खोली आणि वर माळा. लिहिताना मी नवऱ्याला 'तो' म्हणते. तोंडावर जन्मभर अहो म्हणाले, तेवढं पुरे.

दवाखान्यात त्याच्या फासळ्या जुळल्या. खांदाही बरा म्हणण्याइतपत झाला. डाव्या हाताची पहिली दोन बोटं मात्र ताठ राहिली, वाकेनात. डॉक्टरनं सांगितलं, आता ओझं विसरा. भरपाईचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही, तो विषय वेगळा. माणूस घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला, मला त्याचं सांगायचं आहे.

माळ्याखाली झोपेना. खाट ओढून दाराशी नेली. फळीवर मी डबे एकावर एक रचून ठेवायची, तेही उतरवायला लावले. मी सगळे डबे जमिनीवर ओळीनं मांडले आणि त्यांना ओलांडत स्वयंपाक केला. बाजाराचं नाव काढलं की त्याला घाम फुटायचा. मुलं दारासमोर लगोरी खेळायला लागली की हा आत येऊन दार लावून घ्यायचा. ठिकऱ्या पडायचा आवाज त्याला सहन व्हायचा नाही. मी बोलून बघितलं, रागावून बघितलं, एक दिवस जेवायला वाढलं नाही. त्यानं मागितलंही नाही. तेव्हा मला भीती वाटली. खाणारा माणूस होता तो.

समोरच्या दारात त्या दोघांपैकी एकाची बायको राहायची. आमच्याच तालुक्यातली. तिच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. एकदा ती वाटीभर पीठ न्यायला आली आणि याला बघून उंबऱ्यातच थांबली.

"भावजी, किती दिस असं बसनार?"

हा आणखी भिंतीकडे वळला.

"आमचं असं बसलं असतं तर मी रोज त्यांची दिष्ट काढली असती. तुमी हायसा, आन् भिताडाकडं बगताय."

"वैनी, माझ्या जागी ते पायजे हुते," हा म्हणाला.

"व्हय, पायजे हुते," ती म्हणाली. "पर न्हाईत." मग माझ्याकडे वळली, "पीठ द्या वो वैनी, तवा तापलाय."

पीठ घेऊन ती गेली. बाकीच्या बायका येऊन डोळे पुसून जायच्या. त्यांच्यापेक्षा हिचं बोलणं मला बरं वाटलं.

मी ज्या शेठच्या गाळ्यात डाळ चाळायची, त्यांच्या धाकट्या मुलाला धान्यात रस नव्हता. त्यानं वाशीतच एका इमारतीच्या तळघरात पूल पार्लर काढलं. नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत हे खूळ नवीन होतं. कॉलेजची मुलं तासावारी खेळायला यायची. मोठं टेबल, त्यावर हिरवं कापड, कडेला सहा भोकं. लांब काठीनं पांढरा बॉल मारायचा आणि त्यानं रंगीत बॉल भोकात घालायचे. मला तो कॅरमचाच थोरला भाऊ वाटला. त्या काठीला क्यू म्हणतात. सकाळी पार्लर झाडून पुसून द्यायला धाकट्या शेठनं मला बोलावलं. तिथून मी बाजारात जायची.

तिथं एक म्हातारे मार्कर होते. मार्कर म्हणजे टेबल साफ करणारा, बॉल मांडून देणारा, गुण ठेवणारा, आणि गिऱ्हाईक एकटं आलं तर त्याच्याबरोबर खेळणारा. हे कोकणातले. मुंबईच्या कुठल्याशा जुन्या क्लबात त्यांनी जन्म काढलेला. आता त्यांना गावी जाऊन घर शाकारायचं होतं, पण बदली माणूस मिळत नव्हता. जी पोरं कामाला यायची ती स्वतःच खेळत बसायची आणि टेबल पुसायला सांगितलं की दुसऱ्या दिवशी येत नव्हती.

मी एकदा फरशी पुसता पुसता विचारलं, "काका, ह्या कामात काय उचलावं लागतं का?"

"बॉल," ते म्हणाले. "तो पण एकेक."

"मग माझ्या नवऱ्याला आणू का?"

"आणा की. फक्त जिवंत आणा. अर्धमेला एक मी हाय इथं."

त्याला आणायला मला भांडावं लागलं. शेवटी मी म्हटलं, पिशवी जड आहे, बसपर्यंत धरा, आणि तसंच त्याला बसमध्ये चढवलं. तळघराच्या पायऱ्यांवर तो थांबला. आधी वर छताकडे बघितलं. मग एकेक पायरी उतरला. भिंतीला पाठ लावून बराच वेळ उभा राहिला. मार्करकाका टेबल ब्रशनं झाडत होते. त्यांनी याच्याकडे लक्ष दिलं नाही, ते बरं केलं. त्यांनी लाकडी त्रिकोणात बॉल मांडले, त्रिकोण उचलला. बॉल तसेच राहिले, एकमेकांना चिकटून, सपाट.

हा पुढं आला. टेबलाच्या उंचीला डोळे आणून बघितलं.

"हितं एकावर एक काय न्हाई," तो म्हणाला.

"काय म्हणता?" काकांनी विचारलं.

"काय न्हाई." आणि त्यानं टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

त्या दिवसापासून तो माझ्याबरोबर यायला लागला. मी झाडून बाजारात जायची, तो तिथंच थांबायचा, मी परत येताना त्याला घेऊन जायची. ब्रश एकाच दिशेनं कसा फिरवायचा, बॉल कशानं पुसायचे, हे तो लवकर शिकला. धाकट्या शेठनं दोन-चार दिवस बघितलं आणि सरळ सांगितलं.

"मामा, टेबल कोणी पण सांभाळेल. पण एकटं गिऱ्हाईक आलं ना, तर त्याच्याशी खेळता आलं पाहिजे. माझ्याबरोबर एक गेम खेळून दाखवा. जमलं तर काम तुमचं, नाय जमलं तर टेन्शन नको, दुसरा बघू."

त्यानं शिकायला आपला जुना क्यू दिला. कोणा नातेवाइकानं दुबईहून आणलेला, पेटीत ठेवायचा. त्याचे दोन भाग असतात. मागचा बुंधा, तो हातात धरायचा, आणि पुढची दांडी, जिच्या टोकाला चामड्याची टिकली असते. दोन्ही आट्यांनी जोडायचे. त्या पेटीत बुंधा एक आणि दांड्या दोन होत्या. एक बारीक, शेवटपर्यंत सारखी. दुसरी जाड आणि ताठ, मागं रुंद होत जाणारी. शेठ म्हणाला, "जी बसेल ती घ्या, मामा."

कोणती घ्यावी यावर तिथं सगळ्यांना मत होतं. खेळायला येणारी मुलं म्हणाली, "अंकल, पतली लो, स्पिन मस्त येतो." स्पिन म्हणजे बॉलला फिरकी. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "आधी खेळ, मग विचार." ह्यानं दोन्ही दांड्या तळव्यावर तोलल्या आणि बारीक घेतली. मी विचारलं, हीच का? म्हणाला, "हलकी हाय." जन्मभर जड उचललेल्या माणसानं हलकं उचललं, यात मला काही चूक दिसली नाही.

घरी सराव चालायचा. काकांनी युक्ती सांगितली होती. रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवायची आणि दांडीचं टोक तिच्या तोंडातून आत घालून बाहेर काढायचं, काचेला न लागता. आमच्याकडे टेबल नव्हतं. खाटेवर पाट, पाटावर सरबताची बाटली. संध्याकाळभर टिंग टिंग चालायची. आधी सारखी, मग मधूनमधून. समोरून वैनी ओरडायची, "भावजी, आदी बाटली फुटनार का माझं डोस्कं?"

"बगू की, वैनी," हा आतून म्हणायचा. तो उत्तर देतोय हेच मला पुष्कळ होतं.

पण बारीक दांडी त्याच्या हातात राहत नव्हती. क्यू मारताना डावा हात टेबलावर टेकवायचा असतो आणि त्याच्या बोटांचं कडं करून त्यातून दांडी सरकवायची असते. याची पहिली दोन बोटं वाकतच नव्हती, तर कडं कुठलं? दांडी अंगठ्यावर नुसती ठेवायची, तर ती हलकी, इकडे तिकडे व्हायची. त्याला वाटलं, दांडी कोरडी आहे म्हणून असं होतंय.

आमच्याकडे गावाला नवी काठी आणली की तिला तेल पाजतात. तेल चोळायचं, उन्हात ठेवायची, परत चोळायचं. काठी मुरते, चिरत नाही, वर्षानुवर्षं टिकते. गुरामागं फिरणारा प्रत्येक माणूस हे करतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी मला सुट्टी होती, दोघंही घरीच. सकाळी यानं करडईच्या तेलाची वाटी घेतली आणि दांडी मांडीवर घेऊन चोळायला बसला. वाटी संपली. मग ती गॅलरीत कठड्याला टेकवून उन्हात उभी केली, जेवण झाल्यावर परत तेल. पांढरट लाकूड पिवळं झालं. त्यानं फडक्यानं पुसून मला दाखवली.

"बग, कशी चकाकतीया."

चकाकत होती. त्याचा चेहराही बरा दिसत होता. मी म्हटलं, छान झाली.

दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये धाकटे शेठ, मार्करकाका, खेळायला आलेली काही मुलं, आणि झाडू हातात घेऊन मी. पहिला फटका याचा. त्रिकोणातले बॉल फोडायचे असतात. यानं पांढरा बॉल इतका हळू सोडला की पुढचे दोनच बॉल हलले. मुलं हसली. शेठनं आपली खेळी केली. मग परत याची पाळी आली.

दांडी हातावर सरकलीच नाही. तेलानं चिकट झालेलं लाकूड अंगठ्याच्या कातडीला धरून बसलं. यानं जोर लावला, दांडी एकदम सुटली, टोक बॉलच्या बुडाशी लागलं आणि पांढरा बॉल टेबलावरून उडाला. कोपऱ्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचा क्रेट होता, त्यावर जाऊन आदळला. मोठा आवाज झाला.

नवरा खाली बसला. दोन्ही हात डोक्यावर घेतले, गुडघ्यांत मान घातली. क्यू बाजूला पडला.

मुलं हसायची थांबली. कोणाला काय करावं ते कळेना. मी जवळ गेले आणि म्हटलं, "उठा. बॉल हाय तो." जरा वेळानं तो उठला.

शेठनं क्यू उचलला. बोटं चोळून बघितली, मग वास घेतला.

"मामा, हे काय लावलंय?"

"तेल पाजलं."

"कोणाला?"

"दांडीला."

तेव्हा मात्र मुलांना राहवलं नाही. "अंकल ने मालिश किया!" एकजण म्हणाला आणि सगळे टेबलावर वाकून हसले. शेठनं कापडाकडे बघितलं. हिरव्या कापडावर तेलाचा ओशट पट्टा उमटला होता. काकांनी दांडी सोडवून टेबलावर गोल घरंगळवली. टोक वर खाली, वर खाली व्हायला लागलं. उन्हानं ती वाकली होती.

"हिनं राम म्हटला," काका म्हणाले. "अरे मेल्या, तेल काठीला पाजतात. ही दांडी रे. कोरडी असते म्हणून तर सरकते."

"जाऊ द्या मामा," शेठ म्हणाला. आवाज चढवला नाही, ते मी सांगते. "तुमचं हे काम नाय. तुम्ही घरी आराम करा."

मी म्हटलं, "शेठ, ह्यांनी आज तेल पाजलं. परत जन्मात पाजणार नाहीत. तुम्ही नवा माणूस आणाल, तो त्याची त्याची चूक करील. ती काय असेल तुम्हाला माहीत नाही. ह्यांची झाली करून."

काका तोंडात तंबाखू धरून हसले.

"मावशी, तुम्ही वकील व्हायचं सोडून झाडू कशाला मारता?" शेठ म्हणाला. "ठीक हाय. काका गावाला जायच्या आत अजून एक चान्स. एकच. आणि घरी काय न्यायचं नाय."

नवरा मला म्हणाला, "चल." मी म्हटलं, माझी फरशी राहिली आहे, बसा तिकडे. तो एकटा बसनं जात नव्हता हे मला ठाऊक होतं. म्हणून मी फरशी सावकाश पुसली. कोपरे दोनदा पुसले.

तेवढ्यात मुलं गेली, शेठ वर गेला. काका टेबलावरचा तेलाचा पट्टा पावडर टाकून टिपत होते. याच्याकडे न बघता म्हणाले, "इकडे ये. तुझा खेळ काय, ते सांग मला."

"माझा कुटला खेळ?"

"फिरकी देतोस?"

"न्हाई जमत."

"जोरात मारून फोडतोस?"

हा म्हणाला, "आवाज हुतो."

काकांनी पावडर टिपायची थांबवली. थप्पीचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "बरं. मग करतोस काय?"

"ढकलतो. हळू."

"सरळ जातो?"

"जातो. सरळच जातो."

"मग झालं तर. हाच तुझा खेळ. तुला कोणी सांगितली ती बारीक दांडी? ती फिरकीवाल्याची. तिला बोटांचं कडं लागतं. तुझी बोटं ताठ, कडं होणार नाय, तर ती हलणारच. तुला ढकलणाऱ्याची दांडी पाहिजे. ती घे पेटीतली."

यानं जाड दांडी काढली. काकांनी आधी ती टेबलावर घरंगळवायला लावली. टोक हललं नाही, ती सरळ होती. मग बुंध्याला जोडली. यानं डाव्या हाताची ताठ बोटं टेबलावर पसरली, अंगठा वर उचलला, आणि अंगठ्याच्या खोबणीत दांडी ठेवली. ती तिथं बसली. हलली नाही. हलायला तिला जागाच नव्हती.

"जड हाय," हा म्हणाला.

"जड तुला नवीन हाय काय?"

यावर नवरा हसला. थप्पी कोसळल्यापासून मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. मी झाडू घेऊन बाजूला उभी होते आणि दोघांपैकी कोणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

पोतं पाठीवर घ्यायच्या आधी माथाडी त्याला गुडघ्यानं जरा हलवून बघतो, आतला माल कुठं बसलाय ते कळावं म्हणून. तसं यानं क्यूचं केलं. ताठ बोटांवर आडवा धरून पुढं मागं सरकवला, वजन कुठं आहे ते शोधलं आणि त्या जागेच्या जरा मागं उजवा हात धरला. पांढरा बॉल ढकलला. तो सरळ गेला, टेबलाच्या समोरच्या फळीला लागला आणि सरळ परत आला. परत ढकलला, परत तसाच आला.

"आवाज किती झाला?" काकांनी विचारलं.

"काय न्हाई झाला."

"आता ऐक. हिला तेल नको, पाणी नको, ऊन नको. कोरडं फडकं. आणि भिंतीला तिरकी टेकवायची नाय, स्टँडात उभी. माझ्यासारखी. म्हाताऱ्याला जसं ठेवतात तसं."

पुढं रोज तो त्या जाड दांडीनं ढकलायचा. मुलं जोरात फोडायची तेव्हा सुरुवातीला पायरीपाशी जाऊन उभा राहायचा. मग टेबलापासून दूर, पण आत. मग खुर्चीवर बसून राहायला लागला, फक्त खांदे वर जायचे. मी हे सगळं झाडताना बघितलं. काकांनी कधी विचारलं नाही, काय होतंय. फटका बसायच्या आधी ते नुसते म्हणायचे, "येतोय हां." गाळ्यात पोतं टाकायच्या आधी माथाडी तशी हाक देतात. ती काकांना कुठून कळली कोण जाणे. यानं एकदा बोलता बोलता सांगितलं असेल.

दुसरी परीक्षा काकांची ट्रंक बांधून झाल्यावर झाली. ट्रंक तिथंच पायरीशी होती. शेठनं स्वतःच फोडलं, मोठ्या आवाजात. काकांनी आधी "येतोय हां" म्हटलं होतं. याचे खांदे वर गेले, पण हात क्यूवरून सुटले नाहीत. मी हातांकडेच बघत होते.

खेळ लांबला. शेठ जोरात मारायचा, दोन बॉल घालायचा आणि तिसरा चुकायचा. हा एक ढकलायचा, तो जायचा, आणि पुढचा अवघड असेल तर पांढरा बॉल दुसऱ्या बॉलच्या मागं लपवून ठेवायचा. शेठ वैतागला. "मामा, मारा ना यार! हे काय, बॉलला झोपवताय का?"

"असंच जमतं, शेठ."

शेवटी काळा बॉल राहिला. तो घालेल तो जिंकला. याला तो घालायचा तर जोरात मारून फळीवरून फिरवावा लागला असता. मुलं म्हणाली, "मारो अंकल, ठोको!" यानं वाकून बघितलं, सरळ झाला, परत वाकला. मग पांढरा बॉल हळूच ढकलून फळीला चिकटवून ठेवला आणि मागं सरकला. शेठनं कसातरी तिरका फटका मारला, आणि काळा बॉल दोन फळ्यांना लागून भोकात पडला. शेठलाच खरं वाटेना. तो क्यू वर करून नाचला.

मी मनात म्हटलं, संपलं. झाडू कोपऱ्यात ठेवला.

शेठ नाचून झाल्यावर याच्याजवळ आला आणि पाठीवर थाप मारली. "मामा, तुम्ही हरता एकदम चांगले. टेबल नाय फाटलं, बॉल नाय उडाला, आणि मला वाटलं मी च्यायला कमाल खेळलो. गिऱ्हाईकाला पण हेच पाहिजे. तो जिंकला की परत येतो. उद्यापासून अकराला या."

काकांनी ट्रंक उचलली. ती जड होती. नवऱ्यानं उजव्या हातानं दुसरं कडं धरलं आणि दोघांनी मिळून ती वर रस्त्यावर नेली. पायऱ्या चढताना त्यानं छताकडे बघितलं नाही.

संध्याकाळी कोपरखैरण्याला उतरल्यावर तो आधी समोरच्या दारात गेला. वैनी भाकरी थापत होती.

"वैनी, उद्यापासनं कामाला चाललो."

"कुटं? बाजारात?"

"न्हाई. बॉल ढकलायला."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "ढकला बाबा," ती म्हणाली. "जेवलाय का?"

तो तिथं जेवला. मग घरी येऊनही जेवला.

पार्लर बंद होईपर्यंत त्यानं तिथं काम केलं, आणि पुढं बेलापूरला एका क्लबात. जाड दांडी शेठनं त्याला देऊन टाकली. तो फिरकी कधी शिकला नाही आणि जोरात कधी मारलं नाही. तेल पाजलेली वाकडी दांडी मी घरी आणली. ती कपडे वाळत घालायला कामाला येते, वरच्या दोरीपर्यंत पोचते. अजून चिरलेली नाही, तेलाचा तेवढा उपयोग झाला.

डब्यांचं सांगायचं राहिलं. काम लागल्यानंतर थोड्या दिवसांनी मी फळीवर डब्यावर डबा ठेवून बघितला. त्यानं जेवता जेवता वर बघितलं.

"तिसरा नगं ठेवू," तो म्हणाला.

मी ठेवला नाही. अजूनही ठेवत नाही.

त्या थप्पीखाली तिघं होते. समोरच्या वैनीचा नवरा गेला, दुसरा गेला. माझा नवरा जगला.